तोंडची भूमिका, बुकातली भूमिका

संगणकावरच्या रोल-प्लेइंग खेळांत पात्रे दोन तऱ्हांची असतात. काहींत खेळणारा आपल्या पात्राचे नाव, चेहरा, वंश आणि अंगचे गुण स्वतः ठरवतो. काहींत लेखकाने घडवलेला माणूस भूतकाळासकट हाती येतो. मराठी रंगभूमीवर ही वाटणी सुमारे शंभर वर्षे आधी होऊन गेली होती.

१८४३ साली सांगलीत विष्णुदास भाव्यांनी ‘सीतास्वयंवर’ उभे केले. पदे लिहिलेली असत व ती सूत्रधार म्हणे. राम आणि रावण पुराणातून आयतेच आलेले. गद्य भाषणे मात्र नट प्रसंग पाहून पदरची करीत. पात्र ठरलेले, तोंड नटाचे. १८६१ साली छापलेल्या विनायक जनार्दन कीर्तन्यांच्या ‘थोरले माधवराव पेशवे’ या नाटकात भाषणेही लिहिलेली होती. अशा नाटकांना ‘बुकिश’ हे नाव पडले. १८८० मध्ये पुण्यात अण्णासाहेब किर्लोस्करांच्या ‘संगीत शाकुंतल’ने पदेही पात्रांच्याच तोंडी दिली.

पुणे-नाशिक रस्त्यावर दोन्ही रीती शेजारी-शेजारी नांदल्या. पिंपरी-चिंचवडच्या कारखान्यांतले कामगार नाट्यस्पर्धांत उतरले ते संहिता पाठ करून. चाकणच्या पुढे नारायणगावात मात्र पाडव्याच्या सुमारास तमाशाच्या फडांच्या राहुट्या लागतात आणि गावोगावच्या जत्रा कमिट्या तिथे येऊन सुपारी देतात. वगाची गोष्ट ठरलेली असली, तरी सोंगाड्याची आणि गौळणीतल्या मावशीची बतावणी समोरच्या गावावर बेतलेली असते. वसंत सबनीसांच्या ‘विच्छा माझी पुरी करा’मध्ये संहिता होती, तरीही दादा कोंडके तीत ताज्या घडामोडी घुसवीत. प्रेक्षक त्यासाठीच पुन्हा येत, असे म्हटले तर वावगे ठरू नये.

१९७४ चा ‘डंजन्स अँड ड्रॅगन्स’ हा कागद-फाशांचा खेळ या सोंगाड्याच्याच जातीचा. समोर खेळ चालवणारा माणूस असल्याने कोणत्याही उत्तराला प्रत्युत्तर मिळे. संगणकाला ते जमले नाही. त्याला प्रत्येक वाक्य आधी लिहून द्यावे लागे. म्हणून ‘स्कायरिम’चा (२०११) स्वतः घडवलेला नायक संभाषणात अबोल राहतो, तर पोलिश लेखक सापकोव्स्कीच्या कथांतून आलेला ‘द विचर’चा (२००७) गेराल्ट स्वतःच्या आवाजात बोलतो. ‘मास इफेक्ट’ने (२००७) तडजोड केली: चेहरा खेळणाऱ्याचा, शेपर्ड हे आडनाव आणि ध्वनिमुद्रित आवाज मात्र ठरलेला. ‘बाल्डर्स गेट ३’ने (२०२३) दोन्ही दारे उघडी ठेवली.

पुण्याच्या नॉडिंग हेड्स गेम्सचा ‘राजी: अ‍ॅन एन्शंट एपिक’ (२०२०) हा खरे तर साहसखेळ, पण पात्राच्या बाबतीत पुरता बुकिश. गोलू या भावाच्या शोधात निघालेल्या राजीचे नावसुद्धा खेळणाऱ्याला बदलता येत नाही.