कर्णा, खिशातली डबी आणि चिप

मराठीत ‘ऐकणे’ या क्रियापदाचे दोन अर्थ आहेत. एक कानानं ऐकणं आणि दुसरा, सांगितलेलं मानणं. ‘पोरगं माझं ऐकत नाही’ असं आई म्हणते, तेव्हा ती कानाबद्दल बोलत नसते. पण ज्याला खरोखरच ऐकू येत नाही, त्याच्या वाट्याला हे दोन्ही अर्थ एकदम येतात. वर्गातलं पोर ‘लक्ष नसलेलं’ ठरतं. म्हातारा ‘हट्टी’ ठरतो. हाका मारून थकलेली सून ‘त्यांना हवं तेवढं बरोबर ऐकू येतं’ असं म्हणून मोकळी होते. डोळ्यांनी अधू माणसाची आपल्याला कणव येते. कानांनी अधू माणसाचं मात्र हसू येतं. चुटक्यांतला बहिरा तर हशा पिकवण्यासाठीच जन्माला आलेला असतो.

म्हणूनच चष्मा लावलेला माणूस शहाणा दिसतो आणि कानाला यंत्र लावलेला माणूस कानकोंडा होतो. या यंत्राचा इतिहास चाळला, तर दोन इच्छांची ओढाताण सुरुवातीपासून दिसते. एक इच्छा, ऐकू यावं. दुसरी, कुणाला दिसू नये. आजही दुकानात यंत्र निवडताना माणूस याच दोन इच्छांच्या मध्ये उभा असतो.

सगळ्यात जुनं यंत्र म्हणजे आपला हात. कानामागं तळवा धरला की आवाज थोडा मोठा होतो. त्याच तत्त्वावर सतराव्या शतकापासून युरोपात कर्णे वापरात आले. रुंद तोंड बोलणाऱ्याकडे, निमुळतं टोक कानात. संगीतकार बीथोव्हेनसाठी मेल्झेल नावाच्या कारागिरानं असे कर्णे घडवले होते. लंडनच्या एफ. सी. राइन या पेढीनं १८०० च्या सुमारास कर्ण्यांचा धंदाच मांडला. याच पेढीनं १८१९ मध्ये पोर्तुगालचा राजा सहावा जुआंव याच्यासाठी एक खुर्ची बनवली. गोवाही तेव्हा याच राजाच्या अमलाखाली होता. खुर्चीच्या दोन्ही हातांवर तोंड उघडलेले सिंह कोरलेले होते. सिंहाच्या तोंडात शिरलेला आवाज पोकळ हातातून आणि नळीतून राजाच्या कानापर्यंत जाई. फिर्याद सांगणाऱ्याला गुडघे टेकून सिंहाच्या जबड्याशी बोलावं लागे. राजा बहिरा आहे हे झाकलं गेलं आणि वर दरबारी थाटही राहिला. राजाला जे लपवावंसं वाटलं, ते आपल्या गावच्या गुरुजींना लपवावंसं वाटलं तर नवल नाही.

पुढचं पाऊल विजेनं टाकलं. १८७६ मध्ये अलेक्झांडर ग्रॅहम बेलनं टेलिफोनचं पेटंट घेतलं. बेल मूळचा बहिऱ्या मुलांचा शिक्षक. त्याच्या आईला नीट ऐकू येत नव्हतं आणि पत्नी मेबल लहानपणीच्या तापात पूर्ण बहिरी झाली होती. आवाजाच्या तीव्रतेचं ‘डेसिबल’ हे माप बेलच्याच नावावरून आलं. टेलिफोनमध्ये आवाजाची वीज होते आणि विजेचा पुन्हा आवाज होतो. याच युक्तीवर अमेरिकेत १८९८ च्या सुमारास मिलर रीज हचिसननं विजेवर चालणारं श्रवणयंत्र बनवलं. पुढं १९२० च्या दशकात व्हॉल्व्हची यंत्रं आली. आवाज वाढला, पण बॅटऱ्यांचं ओझंही वाढलं.

मग आला ट्रान्झिस्टर. आपल्या पिढीला ट्रान्झिस्टर म्हटलं की रेडिओच आठवतो. पण १९४७ मध्ये बेल प्रयोगशाळेत लागलेला हा शोध बाजारात आधी पोहोचला तो कानाच्या यंत्रातून, डिसेंबर १९५२ मध्ये. ट्रान्झिस्टर रेडिओ त्यानंतर जवळपास दोन वर्षांनी आला. श्रवणयंत्र बनवणाऱ्यांकडून प्रयोगशाळेनं या शोधाचं स्वामित्वशुल्कही घेतलं नाही. बेलच्या बहिऱ्यांसाठीच्या कामाची ती आठवण होती. ज्या रेडिओवरून मी हे बोललो, त्याच्या आधी त्या इवल्याशा तुकड्यानं बहिऱ्यांची सेवा केली होती.

आपल्याकडे या विषयाची बैठक उशिरा बसली. बहिऱ्या मुलांची शाळा मुंबईत १८८० च्या दशकातच निघाली होती, पण कान मोजण्याचं शास्त्र शिकवणाऱ्या संस्था स्वातंत्र्यानंतर आल्या. १९६५ मध्ये म्हैसूरला अखिल भारतीय वाक्‌श्रवण संस्था स्थापन झाली. त्याच सुमारास मुंबईत नायर रुग्णालयाच्या टोपीवाला वैद्यकीय महाविद्यालयातही या विषयाचा अभ्यासक्रम सुरू झाला. १९७२ मध्ये कानपूरला ‘अलिम्को’ ही सरकारी कंपनी निघाली. अपंगांसाठीच्या साधनांबरोबर ती श्रवणयंत्रंही बनवते. ९ ऑगस्ट १९८३ रोजी वांद्र्याला राष्ट्रीय संस्था उभी राहिली. महाराष्ट्राचे राज्यपाल असतानाच १९७६ मध्ये निधन पावलेले अली यावर जंग यांचं नाव तिला दिलं आहे.

या सगळ्याचा आमच्या पांढरकवड्याशी संबंध काय? हा कापसाचा मुलूख. दिवाळीनंतर कापूस येऊ लागला की जिन सुरू होतात आणि कामगार पाळी पाळीनं त्या घरघराटात उभे राहतात. ८५ डेसिबलच्या वरचा आवाज रोज आठ तास वर्षानुवर्षं कानावर पडला, तर कान जातो. माझे एक चाचा जिनमध्येच म्हातारे झाले. त्यांना एका शिबिरात खिशातलं यंत्र मिळालं होतं. कान कुणी मोजला नाही, साचा घेतला नाही; रांगेतल्या सगळ्यांना एकच डबी. ती शिट्टी वाजवायची, सदऱ्याला घासून खरखरायची. महिन्याभरात ती कपाटात गेली आणि चाचा बैठकीतून उठून ओसरीच्या कोपऱ्यात गेले. यंत्र वाटणं आणि ऐकू येणं या दोन गोष्टींत किती अंतर आहे, ते मला तिथं दिसलं.

कान कसा जातो, ते आधी समजून घेऊ. बाहेरच्या कानात मळ साचला, पडद्याला भोक पडलं, आतल्या तीन हाडांची साखळी अडली, तर आवाज पुढं सरकत नाही. असा दोष पुष्कळदा औषधानं किंवा शस्त्रक्रियेनं सुधारतो. पण त्याच्याही आत गोगलगाईच्या शंखासारखा एक अवयव आहे. त्यात प्रत्येक कानात सुमारे पंधरा हजार सूक्ष्म केसपेशी असतात. वयानं, गोंगाटानं, काही औषधांनी त्या मरतात आणि पुन्हा उगवत नाहीत. इथं यंत्राची गरज लागते.

या पेशी मरतात त्या बहुधा बारीक, उंच पट्टीच्या आवाजाच्या बाजूनं. भाषेचा जाड आवाज स्वरांत असतो. स, श, फ, थ हे वर्ण मात्र हलके आणि उंच पट्टीचे. त्यामुळं म्हातारी माणसं म्हणतात, ‘ऐकू येतं बाबा, पण समजत नाही.’ त्यांना ‘साठ’चं ‘आठ’ ऐकू येतं, ‘सात’चं ‘हात’. बाजारात भाव चुकतो, दवाखान्यात गोळ्यांचा हिशेब चुकतो. नातवंडांचा आवाज उंच, म्हणून तोच सगळ्यात आधी हरवतो. अशा माणसापुढं आपण ओरडलो तर जाड आवाज आणखी जाड होतो. हरवलेला ‘स’ काही परत येत नाही.

जुन्या यंत्राचं दुखणं हेच होतं. ते सगळंच मोठं करायचं: माणसाचं बोलणं, पंखा, भांडं, ट्रकचा हॉर्न. १९९६ मध्ये पूर्ण डिजिटल यंत्रं बाजारात आली आणि चित्र बदललं. आजच्या यंत्रात माइक आवाज पकडतो, चिप त्याचे सेकंदाला हजारो तुकडे करून आकडे बनवते, त्या आकड्यांवर हिशेब करते आणि ‘रिसीव्हर’ नावाचा इवला स्पीकर त्यांचा पुन्हा आवाज करतो. हिशेब असा, की ज्या पट्टीत कान कमी पडतो तिथंच आवाज वाढवायचा; हलका आवाज जास्त उचलायचा, मोठा आवाज फारसा नाही. पंखा एकसुरी असतो, बोलणं चढउताराचं असतं. त्यावरून चिप गोंगाट ओळखते आणि दाबते. दोन माइक असतील तर समोरच्याचं बोलणं पुढं आणि पाठीमागचा गलका मागं ठेवता येतो. कविसंमेलनात माइक भोंग्यासमोर गेला की शिट्टी वाजते ना? कानातून निसटलेला आवाज माइकमध्ये शिरला की यंत्रातही तीच शिट्टी वाजते. नवी चिप ती बरीचशी आवरते.

मग यंत्र कोणतं घ्यावं? पहिली पायरी दुकान नव्हे. आधी कान-नाक-घशाच्या डॉक्टरांना कान दाखवावा. मळ, पू, पडद्याचं भोक यांचा निकाल आधी लागला पाहिजे. आमच्या जिल्ह्यात यवतमाळच्या वसंतराव नाईक शासकीय वैद्यकीय महाविद्यालयात हा विभाग आहे. नंतर शांत खोलीत श्रवणतज्ज्ञाकडून कान मोजून आलेख घ्यावा. चष्म्याचा नंबर काढल्याशिवाय चष्मा घेत नाही, तसंच हे आहे. मोबाइलसारखं ऑनलाइन मागवलेलं, फक्त आवाज वाढवणारं खेळणं कानात घालू नये.

यंत्रांचे प्रकार साधारण चार. खिशातलं यंत्र जुनं दिसतं, पण त्याची बटणं मोठी असतात, ते साध्या पेन्सिल सेलवर चालतं आणि थरथरणाऱ्या बोटांना झेपतं. कानामागचं यंत्र सगळ्यात भरवशाचं. मध्यमापासून अतितीव्र दोषापर्यंत चालतं. मुलांसाठी तेच बरं, कारण कान वाढला की फक्त साचा बदलावा लागतो. तिसऱ्या प्रकारात यंत्र कानामागं आणि स्पीकर बारीक तारेनं कानात असतो. जाड आवाज शाबूत आणि बारीक आवाज हरवलेल्या ज्येष्ठांना तो सोयीचा पडतो. चौथं, पूर्ण कानात बसणारं. ते दिसत नाही, म्हणून सगळ्यांना तेच हवं असतं. पण त्याची बॅटरी सगळ्यात लहान आणि ताकद बेताची. मळ आणि घाम त्याला लवकर बाधतो. ज्याला सुईत दोरा ओवता येत नाही, त्यानं तांदळाएवढं दार उघडून तो सेल बदलायचा कसा? राजाच्या खुर्चीचाच हा नवा अवतार. फक्त सिंह कानात जाऊन बसला आहे.

आणखी काही व्यवहाराच्या गोष्टी. दोन्ही कान कमी असतील तर झेपल्यास दोन यंत्रं घ्यावीत. आवाज कुठून आला ते त्यामुळं कळतं. कानाच्या यंत्राचे बहुतेक लहान सेल हवेतल्या प्राणवायूवर चालतात. वरचा कागद काढला की ते सुरू होतात, म्हणून आधीच काढून ठेवू नयेत. चार्जिंगचं यंत्र घेताना आपल्या गावात वीज किती वेळ असते ते पाहावं. पावसाळ्यात आणि घामाच्या दिवसांत यंत्र रात्री कोरड्या डबीत ठेवावं. मुख्य म्हणजे धीर धरावा. वर्षानुवर्षं शांततेला सरावलेल्या मेंदूला पहिल्या दिवशी कागदाची चुरचुरही त्रास देते. रोज थोडं थोडं वाढवत काही आठवडे वापरावं आणि तज्ज्ञाकडे दोन-तीनदा जाऊन यंत्र जुळवून घ्यावं.

पैशाची अडचण खरी आहे. केंद्राच्या ‘एडिप’ योजनेतून उत्पन्नाच्या मर्यादेत यंत्र मोफत किंवा सवलतीत मिळतं. २०१७ पासून दारिद्र्यरेषेखालच्या ज्येष्ठांसाठी वयोश्री योजना आहे. शिबिरात जाल तेव्हा मात्र एवढं विचारा: कान मोजणार का? साचा घेणार का? बिघडलं तर कुठं यायचं?

सगळ्यात घाईचं प्रकरण बाळाचं. ‘मूकबधिर’ या जुन्या शब्दानं आपलं मोठं नुकसान केलं. ज्या मुलाला ऐकू येत नाही, त्याचा गळा बहुतेक वेळा धडधाकट असतो. भाषा कानावर पडलीच नाही, म्हणून ते बोलत नाही. निरोगी कान स्वतःही अगदी बारीक आवाज करतो, हे लंडनच्या डेव्हिड केंप यांनी १९७८ मध्ये दाखवून दिलं. त्या आधारावर झोपलेल्या तान्ह्या बाळाचाही कान काही मिनिटांत तपासता येतो. पहिल्या महिन्यात तपासणी, तिसऱ्यापर्यंत निदान, सहाव्यापर्यंत उपचार, असा दंडक आहे. यंत्रानं भागलं नाही तर कॉक्लिअर इम्प्लांटची शस्त्रक्रिया आहे आणि लहान मुलांसाठी ‘एडिप’मध्ये तिचीही सोय आहे. ‘आमच्या घरात सगळेच उशिरा बोलतात’ असं म्हणत आजी जी दोन वर्षं घालवते, ती भाषेच्या पेरणीची वर्षं असतात. मृगाची पेरणी दिवाळीत करून कापूस हाती येत नाही.

जागतिक आरोग्य संघटनेच्या २०२१ च्या अहवालानुसार जगात दर पाचांतल्या एकाला कमीअधिक ऐकू येत नाही. म्हणजे हे भाषण ज्यांच्यासाठी होतं, त्यांतल्या कितीकांपर्यंत ते रेडिओवरून पोहोचलंच नसेल. आता ते छापलं गेलं आहे. घरात कुणी ओसरीच्या कोपऱ्यात जाऊन बसलं असेल, तर हे पान त्यांच्या हाती द्या. नंतर समोर बसा, उजेड तुमच्या चेहऱ्यावर पडू द्या आणि न ओरडता, सावकाश विचारा, ‘कान दाखवायला कधी जायचं?’