थोरल्याची हीर

आमच्या मळ्यातल्या विहिरीला गावात 'थोरल्याची हीर' म्हणतात. थोरला म्हणजे माझा पणजोबा. माण तालुक्यातलं मुरमाड रान, वर हातभर माती आणि खाली कातळ. तो फोडून सहा परस खाली पाणी काढलेलं. मोटेची धाव अजून ओळखू येते, थारोळ्याचे दगड झिजून गुळगुळीत झालेत. ही विहीर आज्जाच्या बापानं पाडली, असं वडील सांगायचे. त्यांनीही ते ऐकलेलंच. आज्जा मी लहान असतानाच गेला, आणि तो असताना विचारायची अक्कल मला नव्हती.

२०२३ साली कुणबी नोंदींसाठी जुनी दप्तरं बाहेर निघाली. जो तो तहसिलीत नकलेचा अर्ज करायला लागला. आमच्याही घरातनं अर्ज गेला. गाव नमुना १४ म्हणजे जन्ममृत्यूचं रजिस्टर. त्यात नाव, वय, जात, मरणाचं कारण असे रकाने. सगळ्यांचा डोळा जातीच्या रकान्यावर होता. माझा अडकला तो तारखेच्या.

ते सगळं मोडीत. मोडी लिहिणारा आधी पानभर आडवी रेघ ओढतो आणि तिला अक्षरं लोंबकळत सोडतो. शब्द तोडत नाही, ऱ्हस्व-दीर्घाची पत्रास नाही. तालुक्याच्या गावी एक निवृत्त गुरुजी आहेत, त्यांनी बसून वाचून दिलं. 'बिन' आलं की पुढं बापाचं नाव, 'कोम' आलं की नवऱ्याचं, एवढं मी त्यांच्याकडनं शिकलो. त्यावर निम्मं रजिस्टर चाळता येतं.

१९१८ चा ऑक्टोबर. एरवी एका पानात दोन-तीन महिने मावायचे, या महिन्याला पानं पुरलेली नाहीत. कारणाच्या रकान्यात ताप, ताप, खाली पुन्हा ताप. ही मानमोडीची साथ. जूनमध्ये ती मुंबईत शिरली आणि पावसाळ्याच्या अखेरीला खेड्यापाड्यांत पसरली. पाटलाजवळ या दुखण्याला नाव नव्हतं, म्हणून सगळे तापानं मेले. त्या रांगेत माझा पणजोबा. वय ३५.

तोपर्यंत मला विहिरीचं काही सुचलं नव्हतं. घरी आल्यावर आज्जाच्या वयाचा हिशेब घातला. शाळेच्या जनरल रजिस्टरात त्याची जन्मतारीख १ जून १९१० आहे. (आमच्या गावात निम्मी माणसं १ जूनला जन्मलेली आहेत, ती गुरुजींची कृपा. पण साल एखाद-दुसऱ्या वर्षापेक्षा जास्त चुकत नाही.) म्हणजे बाप मेला तेव्हा पोर आठ वर्षांचं. त्या सालचा पाऊसही गेला होता. मग या घराची जमीन राहिली कशी?

जमिनीचं विचारायचं तर फेरफाराला विचारावं लागतं. मुंबई इलाख्यात हक्कनोंदणी १९०३ च्या कायद्यानं सुरू झाली, १९१३ ला तो कायदा महसुलाच्या कायद्यातच घातला. खरेदी, गहाण, वाटणी, वारस, जे काही होईल त्याचा फेरफार नंबर पडायचा. सातबाऱ्याच्या आधी क-ड-ई पत्रक होतं, त्यात खातेदारापुढं हे नंबर असतात. त्यांचा माग काढत मागं जायचं. माग काढणं शेतकऱ्याला शिकवावं लागत नाही, चुकलेलं जनावर हुडकायची सवय असते.

पहिला फेरफार वारसाचा. खातेदार मयत, वारस अज्ञान मुलगा, आणि पुढं तीन अक्षरं: अ.पा.क. म्हणजे अज्ञानाचा पालनकर्ता. त्याच्यापुढं 'आई' आणि आईचं नाव.

आमच्या घरात त्या बाईचं नाव कुणाला ठाऊक नव्हतं. सगळे तिला थोरली आईच म्हणायचे. सासुरवाशिणीचं नाव घ्यायची रीत नव्हती, आणि माझ्या वडिलांना कळायला लागायच्या आत ती गेलेली. कागदावर तिचं नाव नदीचं आहे, त्या काळी बायकांची असायची तसं.

दुसरा फेरफार पाच वर्षांनंतरचा. विहिरीकरिता तगाई. १८८३ चा जमीन सुधारणेच्या कर्जाचा कायदा होता, त्याखाली विहिरीला सरकार पैसे द्यायचं आणि हप्त्यानं वसूल करायचं. आमच्याच गटावर तो बोजा चढलाय. खातेदार अज्ञान, अ.पा.क. आई.

थोरला तोवर पाच वर्षं मातीत होता.

चुलतभावांना कागद दाखवला. औंदा विहिरीतला गाळ काढून कठडा बांधायचा घाटत होतं आणि त्यावर पणजोबाच्या नावाची फरशी बसवायची होती. थोरला चुलतभाऊ म्हणाला, "आण्णा, कागदावर बाई असंल. पर पहारी काय बाईनं मारल्या व्हय?"

त्याचं खोटं नाही. पहारी गड्यांनीच मारल्या असतील. पण मग पणजोबानं जितेपणी एखादी पाडली असती तरी वडारीच आले असते फोडायला, आणि नाव त्याचंच लागलं असतं. दुष्काळ, साथ आणि भाऊकी यांच्या मधोमध एका रांडाव बाईनं तेरा वर्षांच्या पोराच्या जमिनीवर सरकारी कर्ज काढायचं, हे मला पहारीपेक्षा जड वाटतं. हप्ता चुकला असता तर रानच गेलं असतं. बोजा उतरल्याची नोंद आहे.

तिसरा फेरफार मोजक्याच शब्दांचा आहे. अज्ञान सज्ञान झाला, सबब अ.पा.क. शेरा कमी केला. आज्जा अठरा वर्षांचा झाला आणि तिचं नाव निघून गेलं. पुढं कुठल्याही पत्रकात ती नाही. ती मालकीण कधीच नव्हती, पोर वाढेपर्यंतची राखणदार होती. कायद्यानं ते बरोबरच केलं. घरानंही मग तेच केलं.

तिचं माहेर मला अजून सापडलेलं नाही. लग्नाची नोंद तेव्हा होत नव्हती आणि महसुलाला माहेराशी काही देणंघेणं नसतं. आमचा हेळवी सुगी झाल्यावर बैल घेऊन येतो, वही उघडून सात पिढ्या म्हणून दाखवतो. त्या पिढ्या बाप्यांच्या. गेल्या साली त्याला मधेच थांबवून विचारलं, की ही बाई कुण्या गावची? त्यानं पानं चाळली. म्हणाला, "तुमच्या वहीत न्हाय, आण्णा. तिच्या भावाच्या वंशाच्या वहीत असंल. पर तो गाव मला सांगा, मग ती वही कुणाकडं हाय ते मी काढतो."

आज्जाला मामा होता एवढं वडिलांच्या बोलण्यात यायचं. दहिवडीच्या बाजाराला तो भेटायचा म्हणे. म्हणजे गाव तिथनं चालत येण्याजोगं असणार. दहिवडीच्या भोवतालच्या गावांची यादी केलीय, आणि वहीत पहिल्या गावापुढं खूण केलीय. फरशी तेवढी थांबवून ठेवलीय.