मोटेसाठी कातडे कोणते?

हाताने पिशवी शिवायची असेल, तर चामडे कोणते निवडावे? आज हा प्रश्न हौसेने कारागिरी शिकणाऱ्यांना पडतो. विजेचे पंप येण्यापूर्वी वऱ्हाडातल्या ओलिताच्या शेतकऱ्यापुढे मात्र तो पोटापाण्याचा प्रश्न होता. कारण विहिरीतून पाणी उपसणारी मोट म्हणजे हाताने शिवलेली चामड्याची एक मोठी पिशवीच. निवड चुकली, तर ऐन उन्हाळ्यात बागाईत वाळून जाई.

प्रथम शब्दांचा घोळ मिटवू. जनावराच्या अंगावरून काढलेले ते कातडे. ते कमावल्यावर, म्हणजे कुजणार नाही अशा स्थितीत आणल्यावर, त्याचे चामडे होते. बोलण्यात आपण दोन्ही शब्द सरमिसळ वापरतो; पण या लेखाचा विषय नेमका त्या दोहोंमधल्या अंतराचा आहे.

मोट काय काय सोसते ते पाहा. साधारण दीडशे लिटर पाणी धरले, तर दीडशे किलो वजन एका लोखंडी कड्याला बांधलेल्या चामड्यावर पडते. बैल धावेवरून उतरू लागले की नाडा ताणला जातो आणि मोट वर येते. तिची निमुळती सोंड सोलाने वर धरलेली असते. मोट काठाशी आली की ती थारोळ्यात आडवी होते आणि पाणी आपोआप ओतले जाते. म्हणजे अंगाला ताकद हवी आणि सोंडेला लवचिकपणा. शिवाय दिवसभर भिजणे, रात्री वाळणे, विहिरीच्या दगडांवर घासणे हे चालूच. पायताणाच्या चामड्याला यातले फारसे काही सोसावे लागत नाही.

वऱ्हाडात मोटा सर्वत्र सारख्या नव्हत्या. अकोला आणि अमरावती जिल्ह्यांतून जाणाऱ्या पूर्णेच्या खोऱ्यात खारपाणपट्टा आहे. तिथल्या विहिरींचे पाणी खारट, त्यामुळे ओलीत फारसे नाही. कापूस आणि ज्वारी ही कोरडवाहू पिके. ओलिताची शेती मुख्यतः पट्ट्याबाहेर, जिथे विहिरींना गोडे पाणी लागते तिथली. अंजनगाव सुर्जीचे पानमळे आणि मोर्शी-वरुडकडच्या संत्र्याच्या बागा ही त्याची प्रसिद्ध उदाहरणे.

आता कातड्याकडे वळू. कातड्याचा मुख्य घटक कोलॅजेन नावाचे प्रथिन. त्याच्या रेणूत तीन साखळ्या एकमेकींभोवती पीळ घालून असतात, जणू तीन पदरांचा नाडाच. ही तीनपदरी रचना मद्रास विद्यापीठात जी. एन. रामचंद्रन आणि गोपीनाथ कर्था यांनी १९५४ साली मांडली. अशा रेणूंचे तंतू, तंतूंच्या जुड्या आणि जुड्यांचे जाळे यांनी कातडे बनते. जाळे किती दाट आहे आणि कोणत्या दिशेने विणलेले आहे, यावर कातड्याची जात ठरते.

म्हशीचे कातडे जाड असते, पण त्याची वीण काहीशी सैल. गाय-बैलाचे त्यापेक्षा पातळ, मात्र वीण घट्ट. शेळीचे कातडे पातळ आणि बारीक पोताचे. म्हणून मोट किंवा जनावराच्या पाठीवरची पखाल मोठ्या जनावराच्या कातड्याची होई, तर माणसाच्या खांद्यावरची मशक शेळीच्या अखंड कातड्याची. एकाच कातड्यातही सारखेपणा नसतो. पाठीचा भाग सर्वांत घट्ट, पोटाचा सैल आणि ताणणारा, मानेचा सुरकुतलेला. पोटाचा तुकडा भार येणाऱ्या जागी लावला, तर पिशवी तिथेच लोंबू लागते. हा नियम आजच्या खांद्यावरच्या बॅगेलाही लागू आहे.

निवड खरे तर जनावर मरते त्या क्षणापासून सुरू होते. वैशाखात अकोल्याचे तापमान ४५ अंश सेल्सिअसपर्यंत जाते. अशा उन्हात काही तासांतच जिवाणू कातड्यावर काम सुरू करतात. आपोआप मेलेल्या जनावराच्या शिरांत रक्त राहते, त्यामुळे कूज आणखी लवकर धरते. केस सहज उपटून येऊ लागले, तर कूज मुळापर्यंत गेली असे समजावे. गोचिडांचे व्रण, पराण्याच्या टोचण्या, डागण्या या खुणाही चामड्यात कायम राहतात. मोटेत त्या गळतीच्या जागा होतात.

कातडे चुन्याच्या पाण्यात भिजवून त्याचे केस आणि मांस काढले, चुना धुतला, की ते कमावायला तयार होते. वनस्पतींतील टॅनिन कोलॅजेनच्या साखळ्यांना जागोजागी चिकटून त्यांना एकमेकींशी बांधतात; मग जिवाणूंच्या विकरांना त्या सहज तोडता येत नाहीत. टॅनिनचे स्रोत वऱ्हाडात हाताशी होते. बाभूळ शेताच्या बांधावर, तरवड पडीक जमिनीवर आणि हिरडा मेळघाटच्या डोंगरात. बाभळीच्या सालीने चामडे तांबूस, टणक आणि काहीसे राठ होते. हिरड्यातले टॅनिन वेगळ्या प्रकारचे. त्याने रंग फिकट येतो आणि राठपणा कमी होतो. शिवाय हिरड्यातील शर्करा आंबून सौम्य आम्ल तयार होते आणि कातड्यात उरलेला चुना निघायला मदत होते. दोहोंचे मिश्रण वापरण्यामागे असा हिशेब आहे.

ग्रामीण कारागिरांची एक पद्धत विशेष लक्ष देण्याजोगी आहे. कातड्याच्या कडा शिवून त्याचीच पिशवी करायची, ती उलटी टांगायची आणि आत साल, हिरडा व त्यांचा काढा भरायचा. काढा कातड्यातून झिरपून थेंब-थेंब गळतो. तो खाली धरून पुन्हा वर ओतायचा. काही दिवसांनी पिशवीचे वरचे तोंड शिवून, खालचे उघडून, हेच पुन्हा करायचे. कुंडात नुसते भिजवले, तर टॅनिन विसरणाने सावकाश आत शिरते. टांगलेल्या पिशवीत दीड मीटर उंचीचा काढा असेल, तर तळाशी त्याचा दाब वातावरणाच्या दाबाच्या सुमारे एक सप्तमांश होतो. हा दाब काढ्याला कातड्यातून ढकलतो आणि महिन्यांचे काम आठवड्यांवर येते. आणखी एक फायदा म्हणजे ज्याची पिशवी करायची, त्या कातड्याची पिशवी म्हणून परीक्षा इथेच होते. ते कुठे गळते, कुठे ताणते, हे डोळ्यांसमोर दिसते.

हे ज्ञान कोणाकडे होते? त्रिंबक नारायण आत्रे यांच्या १९१५ सालच्या ‘गाव-गाडा’ या ग्रंथात बलुतेदारीचे तपशीलवार वर्णन आहे. कामांची वाटणी साधारणपणे अशी होती : मेलेले जनावर ओढणे महारांकडे, कातडे कमावणे ढोरांकडे, मोट शिवणे-सांधणे चांभारांकडे आणि नाडे वळणे मांगांकडे. या चारही जाती अस्पृश्य ठरवलेल्या. त्यांनी केलेल्या मोटेचे पाणी सर्वांच्या मळ्यात जाई. पण त्याच विहिरीवर त्यांना पाणी भरता येत नसे. चामड्याने मढवलेला नगारा देवळात असे आणि तो मढवणारा बाहेर. मार्च १९२७ मध्ये डॉ. बाबासाहेब आंबेडकरांनी महाडच्या परिषदेत मेलेल्या जनावराचे मांस सोडण्याचे आवाहन केले. त्याच वर्षी नोव्हेंबरात अमरावतीला अंबादेवी मंदिर प्रवेशाच्या प्रश्नावर त्यांच्या अध्यक्षतेखाली वऱ्हाडातील अस्पृश्यांची परिषद भरली. ज्या कामाने माणूसपण हिरावले जाते ते सोडून देणे, हा निर्णय न्याय्यच होता. समाजाने काम घेतले, पण त्यामागचे ज्ञान लिहून ठेवण्याजोगे मानले नाही. म्हणून कारागीर बाहेर पडले, तसे त्यांचे निकषही बहुतांशी विरून गेले.

मोटेने आधुनिक रसायनशास्त्राला भारतात आणण्यासही हातभार लावला आहे. ऑगस्टस शुल्झ यांनी १८८४ साली अमेरिकेत क्रोमियमच्या क्षारांनी चामडे कमावण्याचे एकस्व घेतले. मद्रास इलाख्यात आल्फ्रेड चॅटर्टन यांनी १९०३-०४च्या सुमारास याच पद्धतीचे प्रयोग सुरू केले, ते बुटांसाठी नव्हे, तर प्रामुख्याने विहिरीवरच्या मोटांसाठी. कारण सरळ होते. सालीने कमावलेल्या मोटेतले टॅनिन पाण्यात हळूहळू धुऊन जाते आणि चामडे पुन्हा कातड्याकडे झुकू लागते. त्याला वरचेवर तेल द्यावे लागते. क्रोमियम कोलॅजेनला अधिक पक्के बांधते आणि धुऊन जात नाही. पण १९१० साली भारतमंत्री मोर्ले यांनी सरकारने असे उद्योग चालवू नयेत असा आदेश दिला आणि पुढे तो कारखाना विकला गेला. दरम्यान लोखंडी पत्र्याच्या मोटा आल्या. त्यांची सोंड तेवढी चामड्याची राहिली, कारण पत्रा वाकत नाही. नंतर तेलावरच्या आणि विजेच्या पंपांनी मोटच संपवली.

वऱ्हाडात क्रोम चामडे दुसऱ्या वाटेने आले. सरकी वेगळी करणाऱ्या जिनांच्या रुळांवर त्याच्या चकत्या बसवल्या जात. चकत्या झिजून क्रोमियमयुक्त धूळ कापसात आणि कामगारांच्या श्वासात जाते हे लक्षात आल्यावर क्रोमविरहित रुळांवर संशोधन झाले. टिकाऊपणा हा एकच निकष पुरत नाही, असा याचा अर्थ.

मग आज पिशवीसाठी काय निवडावे? ताठ उभी राहणारी, कडा घासून गुळगुळीत करता येणारी पिशवी हवी, तर सालीने कमावलेले चामडे. मऊ, पावसात टिकणारी हवी, तर क्रोमचे. जाडी हाताने चाचपावी, तुकडा दुमडून वरचा पदर सुटतो का ते पाहावे आणि पट्टा नेहमी पाठीच्या भागातून कापावा.

वर्गात दोन प्रयोग सहज करता येतील. पहिला : कोमट पाण्यात थोडे जिलेटिन विरघळवा आणि त्यात हिरड्याचा गाळलेला काढा घाला. लगेच गढूळ साका येतो. जिलेटिन हे शिजवलेले कोलॅजेनच. म्हणजे चामडे कमावण्याची मूळ क्रिया विद्यार्थ्यांना परीक्षानळीत दिसते. दुसरा : चांभाराकडून चामड्याचे निरुपयोगी तुकडे आणून, मोजून, उकळत्या पाण्यात टाका (हे शिक्षकांनीच करावे). कच्चे कातडे ६० ते ६५ अंशांनाच आक्रसते, सालीने कमावलेले साधारण ७० ते ८५ अंशांना, तर चांगले क्रोम चामडे उकळत्या पाण्यातही बहुधा तसेच राहते. तुकडे कोणत्या प्रकारचे आहेत हे विद्यार्थ्यांनी आधी ओळखावे, मग प्रयोगाने तपासावे. आणि तुकडे आणताना त्या कारागिरालाही विचारावे, की तो स्वतः ते कसे ओळखतो. त्याचे उत्तर वहीत लिहून घ्यावे.