केजची कर्णधार आणि खो-खोचा पहिला विश्वचषक

नवी दिल्लीतील इंदिरा गांधी इनडोअर स्टेडियममध्ये १९ जानेवारी २०२५ रोजी भारताच्या महिला संघाने नेपाळचा ७८-४० असा पराभव करून खो-खोचा पहिलावहिला विश्वचषक जिंकला. करंडक स्वीकारणारी कर्णधार प्रियांका इंगळे ही मूळची बीड जिल्ह्यातील केज तालुक्याची, कळमअंबा या गावची. त्याच दिवशी पुरुषांच्या संघानेही नेपाळलाच ५४-३६ असे हरवले. त्या संघाचे नेतृत्व पुण्याच्या प्रतीक वाईकरकडे होते. म्हणजे दोन्ही विश्वचषक महाराष्ट्राच्या कर्णधारांच्या हाती आले.

त्या जानेवारीत केज तालुक्याचे नाव राज्यभर गाजत होते ते वेगळ्याच कारणाने. मस्साजोगच्या सरपंचांची ९ डिसेंबर २०२४ रोजी हत्या झाली होती आणि बीडविषयीची प्रत्येक बातमी तेथूनच सुरू होत होती. साखर कारखान्यांचा गाळप हंगामही ऐन भरात होता. जिल्ह्यातील असंख्य कुटुंबे कोयता घेऊन पश्चिम महाराष्ट्रात आणि कर्नाटकात उसाच्या फडांवर गेली होती. अशा दिवसांत जिल्ह्याच्या वाट्याला आलेली ही एक निखळ आनंदाची बातमी होती. आष्टी तालुक्यातील मांडव्याच्या अविनाश साबळेने २०२३ मध्ये हांगझोऊच्या आशियाई स्पर्धेत स्टीपलचेसचे सुवर्णपदक मिळविले होते. बीडच्या सचिन धसने फेब्रुवारी २०२४ मध्ये १९ वर्षांखालील विश्वचषकाच्या उपांत्य सामन्यात ९६ धावा करून भारताला अंतिम फेरीत नेले होते. खो-खोमुळे या मालिकेत एका मुलीचे नाव जोडले गेले.

प्रियांकाचे मूळ कळमअंब्याचे असले, तरी तिचा खेळ घडला तो पिंपरी-चिंचवड परिसरात, भोसरीच्या राजमाता जिजाऊ क्रीडा प्रबोधिनीत. गाव बीडचे आणि मैदान पुण्याकडचे, ही वाट मराठवाड्यातील अनेक खेळाडूंना चालावी लागली आहे. विश्वचषकापूर्वी १५ वर्षांच्या कारकिर्दीत तिच्या नावावर २३ राष्ट्रीय स्पर्धा जमा होत्या. किशोरी गटातील सर्वोत्तम खेळाडूचा इला पुरस्कार आणि महिला गटातील राणी लक्ष्मीबाई पुरस्कार असे दोन्ही मान तिला मिळाले होते. आसाममधील तामुलपूर येथे मार्च २०२३ मध्ये झालेल्या चौथ्या आशियाई स्पर्धेत सुवर्णपदक जिंकणाऱ्या भारतीय संघातही ती होती. कर्णधारपद तिच्याकडे अचानक आले नव्हते.

सात जणींचा खेळ

विश्वचषकातील खो-खो हा शाळेच्या मैदानावरचा खो-खो नव्हता. पारंपरिक खेळात पाटीवर आठ जणी बसतात, नववी पाठलाग करते. नऊ-नऊ मिनिटांच्या पाळ्या असतात आणि एक गडी बाद केला की एक गुण मिळतो. दिल्लीत मॅटवर आक्रमण करणाऱ्या सातच जणी होत्या. प्रत्येक संघाला सात मिनिटांची दोन आक्रमणे आणि तितकीच दोन संरक्षणे, असा सामन्याचा एकूण वेळ २८ मिनिटे होता. गडी बाद झाला की दोन गुण.

संरक्षण करणाऱ्या संघालाही गुण मिळविण्याची सोय या प्रकारात आहे आणि सारी चुरस तेथेच आहे. बचावपटू तीन-तीनच्या तुकडीने मैदानात उतरतात. एखादी तुकडी तीन मिनिटे टिकली की तिच्या संघाला एक गुण आणि पुढे दर अर्ध्या मिनिटाला आणखी एक. याला ‘ड्रीम रन’ म्हणतात. हे गुण मोजायला थोडे असले तरी दुहेरी मार करतात, कारण ते मिळत असताना समोरच्या संघाची सात मिनिटे वाया जात असतात. धावफलक वाचताना हे ध्यानात घेतले नाही, तर अंतिम सामन्याचा अर्थच लागत नाही.

हा वेगवान प्रकार भारतात रुजला तो अल्टिमेट खो-खो या व्यावसायिक लीगमुळे. तिचा पहिला हंगाम ऑगस्ट-सप्टेंबर २०२२ मध्ये पुण्यात बालेवाडीला झाला आणि ओडिशा जगरनॉट्सने तेलुगू योद्धाज संघावर ४६-४५ अशी एका गुणाने मात केली. दुसरा हंगाम कटकला झाला. तेथे जानेवारी २०२४ मध्ये गुजरात जायंट्सने चेन्नई क्विक गन्सला ३१-२६ असे हरवले. मात्र या दोन्ही हंगामांत उतरले ते पुरुषांचे संघ. प्रतीक वाईकर हा तेलुगू योद्धाजकडून खेळलेला होता आणि त्याच्या सहकाऱ्यांपैकी अनेकांना लीगचा अनुभव होता. प्रियांकाच्या संघापाशी फ्रँचायझींची अशी लीग नव्हती. राज्य आणि राष्ट्रीय स्पर्धा आणि विश्वचषकापूर्वीचे शिबिर एवढ्याच शिदोरीवर या मुली दिल्लीत उतरल्या. प्रशिक्षक होते सुमित भाटिया.

१५ जणींच्या संघात महाराष्ट्रातून प्रियांकासोबत शेजारच्या धाराशिव जिल्ह्यातील अश्विनी शिंदे आणि ठाण्याची रेश्मा राठोड होत्या. दिल्लीच्या नसरीन शेखला २०२३ चा अर्जुन पुरस्कार मिळालेला होता. ओडिशाच्या मगई माझी आणि शुभश्री सिंग, गुजरातची ओपिना भिलार, राजस्थानची निर्मला भाटी आणि कर्नाटकाची चैत्रा बी. यांचाही संघात समावेश होता. यातील चैत्रा हे नाव पुढे पुन्हा येणार आहे.

साखळीत गुणांचा पाऊस

स्पर्धेत २३ देश सहभागी झाले. महिलांचे १९ संघ होते. भारताच्या गटात दक्षिण कोरिया, इराण आणि मलेशिया होते. १४ जानेवारीला पहिल्याच सामन्यात भारताने कोरियाला १७५-१८ असे धुऊन काढले. दुसऱ्या दिवशी इराणविरुद्ध १००-१६ आणि त्यापुढच्या दिवशी मलेशियाविरुद्ध १००-२० अशी नोंद झाली. या तीन सामन्यांविषयी फार लिहिण्यासारखे नाही. प्रतिस्पर्धी संघांतील अनेक खेळाडूंना खो-खोची ओळख होऊन थोडाच काळ लोटला होता. खांबाला वळसा कसा घालावा, खो मिळताच पहिले पाऊल कोणत्या बाजूला टाकावे, या गोष्टी भारतीय मुलींच्या अंगात लहानपणापासून मुरलेल्या होत्या.

अशा निकालांमुळे एक शंका मात्र घेतली गेली. ज्या स्पर्धेत यजमान संघ शंभराच्या पटीत गुण मिळवितो, त्या विजेतेपदाची किंमत किती? शंका गैरवाजवी नव्हती. तिचे उत्तर बाद फेरीत मिळाले.

उपांत्यपूर्व फेरीत १७ जानेवारीला बांगलादेशचा १०९-१६ असा पराभव झाला. हा निकालही साखळीच्याच वळणाचा होता. उपांत्य फेरीत दक्षिण आफ्रिकेविरुद्ध चित्र थोडे बदलले. भारताने ६६-१६ असा विजय मिळविला खरा, पण भारताच्या गुणांचा आकडा शंभरीच्या आत राहिलेला हा पहिलाच सामना होता. आफ्रिकेच्या मुली उंच आणि चपळ होत्या आणि त्यांना बाद करण्यासाठी वेळ द्यावा लागत होता. दुसऱ्या उपांत्य सामन्यात नेपाळने युगांडाला नमवून अंतिम फेरी गाठली.

अंतिम सामन्याची २८ मिनिटे

नेपाळ हा खो-खोला नवखा देश नव्हे. आशियाई आणि दक्षिण आशियाई स्पर्धांत हे दोन संघ वारंवार समोरासमोर आलेले आहेत. पुरुष गटात तर उद्घाटनाच्या सामन्यात, १३ जानेवारीला, नेपाळने भारताला ४२-३७ पर्यंत झुंजविले होते. महिलांच्या अंतिम सामन्यातही तसेच काही घडेल अशी अपेक्षा होती.

पहिले आक्रमण भारताचे होते. सात मिनिटांत ३४ गुण, म्हणजे १७ गडी बाद. सरासरीने दर २५ सेकंदांना एक. कर्णधार प्रियांकाने स्वतः अनेक गडी टिपले. नेपाळची एकही तुकडी तीन मिनिटे टिकली नाही, त्यामुळे त्यांची पाटी या पाळीअखेर कोरी राहिली. ३४-० ही आघाडी पाहून सामना येथेच संपला असे अनेकांना वाटले असेल.

तो तसा संपला नाही. दुसऱ्या पाळीत नेपाळच्या मनमती धामीने वैष्णवी पवारला बाद केले. समझना बी. हिने तर थेट भारताच्या कर्णधारालाच टिपले. या सात मिनिटांत नेपाळने १२ गडी बाद करून २४ गुण वसूल केले. आधीच्या पाच सामन्यांत कोणत्याही संघाला संपूर्ण सामन्यात भारताविरुद्ध २० पेक्षा अधिक गुण मिळविता आले नव्हते. नेपाळने ते एकाच पाळीत ओलांडले. भारताच्या एका तुकडीने ड्रीम रनचा एक गुण मिळविला, त्या तुकडीत चैत्रा होती. मध्यंतराला ३५-२४.

११ गुणांची आघाडी म्हणजे अवघे सहा गडी. दोन्ही संघांचे एकेक आक्रमण शिल्लक होते. संपूर्ण स्पर्धेत भारतीय संघ खऱ्या अर्थाने पेचात सापडला तो येथेच. पुढच्या सात मिनिटांत भारत अडखळला असता, तर शेवटची पाळी नेपाळच्या हाती होती.

भारताने तिसऱ्या पाळीत १९ गडी बाद केले. पहिल्या आक्रमणापेक्षाही दोन अधिक. दमलेल्या पायांनी दुसरे आक्रमण पहिल्याहून वेगवान करणे हे खो-खोमध्ये सोपे नसते, कारण आक्रमण करणाऱ्याच मुली मधल्या सात मिनिटांत संरक्षणातही धावलेल्या असतात. त्या ३८ गुणांसह धावफलक ७३-२४ असा झाला. आता जिंकण्यासाठी नेपाळला शेवटच्या सात मिनिटांत ५० गुण, म्हणजे २५ गडी हवे होते. दर १७ सेकंदांना एक.

त्या सात मिनिटांपैकी ५ मिनिटे १४ सेकंद चैत्राच्या तुकडीने खाऊन टाकली. तीन मिनिटांचा पहिला गुण, मग साडेतीन, चार, साडेचार आणि पाच मिनिटांचे प्रत्येकी एक असे पाच गुण भारताच्या खात्यात पडले आणि ७३ चे ७८ झाले. उरलेल्या पावणेदोन मिनिटांत नेपाळने जे काही करता येण्यासारखे होते ते केले, पण त्यांची धाव ४० वर थांबली. अंतिम सामन्याची सर्वोत्तम खेळाडू म्हणून चैत्राची, सर्वोत्तम आक्रमक म्हणून भारताच्याच अंशू कुमारीची आणि सर्वोत्तम बचावपटू म्हणून नेपाळच्या मनमती धामीची निवड झाली.

सहा सामन्यांत भारताने ६२८ गुण मिळविले आणि १२६ दिले. या १२६ पैकी ४०, जवळजवळ एक तृतीयांश, एकट्या नेपाळचे. भारताचा सर्वांत कमी फरकाचा विजयही अंतिम सामन्यातलाच, ३८ गुणांचा.

मागची पिढी, पुढचा हिशेब

खो-खोचे नियम प्रथम बांधले गेले ते १९१४ मध्ये पुण्याच्या डेक्कन जिमखान्यात. १९३६ च्या बर्लिन ऑलिंपिकच्या वेळी अमरावतीच्या हनुमान व्यायाम प्रसारक मंडळाने देशी खेळांची जी प्रात्यक्षिके दाखविली, त्यांत खो-खो होता. त्यानंतर आंतरराष्ट्रीय मंचावर पोहोचण्यास या खेळाला फार वेळ लागला. पहिली आशियाई स्पर्धा कोलकात्यात झाली ती १९९६ मध्ये. दक्षिण आशियाई क्रीडा स्पर्धेत २०१६ साली गुवाहाटीत खो-खो आला. भारतीय महिलांनी तेथे सुवर्णपदक जिंकले तेव्हा कर्णधार होती तत्कालीन उस्मानाबादची सारिका काळे. तिला २०२० मध्ये अर्जुन पुरस्कार मिळाला. दक्षिण आशियाई सुवर्ण आणि विश्वचषक या दोन्ही विजयांत संघाचे नेतृत्व मराठवाड्याच्या मुलीकडे होते, हे येथील क्रीडाशिक्षकांनी आवर्जून सांगावे असे आहे.

विश्वचषकानंतर बक्षिसांच्या घोषणा झाल्या. महाराष्ट्राने आपल्या खेळाडूंसाठी प्रत्येकी सव्वादोन कोटी रुपये आणि शासकीय सेवेची संधी असे धोरण स्वीकारले. कर्नाटकाने पुरुष संघातील एम. के. गौतम आणि महिला संघातील चैत्रा यांना प्रत्येकी पाच लाख रुपये जाहीर केले. म्हैसूर जिल्ह्यातील कुरुबूर या खेड्यातून आलेल्या चैत्राने आणि गौतमने ते नम्रपणे नाकारले आणि त्यासाठी महाराष्ट्राचे उदाहरण पुढे केले.