मेर्त्स: जाहिरातीतून कापलेला शब्द

टाकाऊतून चित्रं करणाऱ्या कलेच्या कुळात एक शब्द असा आहे, जो स्वतःच टाकाऊतून उचललेला आहे: मेर्त्स. जर्मन भाषेत त्याला काही अर्थ नव्हता. 1919 साली हानोव्हरच्या कुर्त श्विटर्स या चित्रकाराने एका बँकेची जाहिरात कापून तिचा तुकडा चित्रावर चिकटवला. बँकेच्या नावात 'कोमेर्त्स', म्हणजे व्यापार, हा शब्द होता. कात्रीखाली 'को' गेलं, 'मेर्त्स' उरलं. तेच त्या चित्राचं नाव झालं आणि पुढे त्याच्या साऱ्या कलेचं. मला हे नाव फार खरं वाटतं, कारण ते चित्रासारखंच घडलं.

चिकटवण्याची रीत त्याआधीची. पॅरिसमध्ये 1912 साली पिकासोने वेताची वीण छापलेलं मेणकापड चित्रात लावलं आणि भोवती चौकट म्हणून दोर गुंडाळला. त्याच वर्षी चित्रकार ब्राकने लाकडाचा भास देणारा भिंतीचा कागद वापरला. पण तो दुकानातून विकत आणलेला होता. श्विटर्स रस्त्यावर वाकला. ड्रेस्डेनच्या अकादमीत रीतसर शिकलेला हा माणूस पहिल्या महायुद्धानंतर ट्रामची तिकिटं, वेष्टनं, सुतळी, तार, फळकुटं वेचू लागला. सगळं मोडलंच आहे, तर नवं या तुकड्यांतूनच उभं राहील, अशी त्याची धारणा होती.

कागदावर तो पीठपाण्याची खळ पसरायचा. ती ओली असेतो कपटे इकडून तिकडे सरकवत राहायचा, चुरगळलेले तुकडे बोटांच्या टोकांनी आत दाबायचा आणि ओल्यावरच जलरंगाची छटा फिरवायचा.

1937 साली नाझींनी ते मूळ मेर्त्स-चित्र 'अधःपतित कला' म्हणून चेष्टेसाठी टांगलं. आज ते कुठेच नाही. श्विटर्स त्याच वर्षी नॉर्वेला गेला, 1940 मध्ये ब्रिटनला पोहोचला. तिथे जर्मन म्हणून नजरकैदेत असताना त्याने लापशीचीही शिल्पं केली. हानोव्हरच्या घरात वर्षानुवर्षं उभारलेला मेर्त्सबाऊ, म्हणजे मेर्त्सची वास्तू, 1943 च्या बॉम्बहल्ल्यात गेला.

1947 मध्ये त्याने इंग्लंडमध्ये एल्टरवॉटरच्या एका दगडी कोठाराची भिंत घडवायला घेतली. तिच्या गिलाव्यात एका लहानग्याच्या झारीचं तोंडही बसवलं. काम अर्धं असतानाच, जानेवारी 1948 मध्ये तो गेला. भिंत आता न्यूकॅसलच्या संग्रहालयात आहे. त्या कोठाराचं नावही मेर्त्सच.