ठरलेल्या किमतीचे भोजन : तंजावूरचे पान आणि महोत्सवाचे ताट

तंजावूर शहरात दुपार झाली की उपाहारगृहांच्या दारांत 'मील्स रेडी' असे फलक लागतात. आत येणाऱ्याला पदार्थांची यादी वाचावी लागत नाही. किंमत आधीच ठरलेली असते, केळीचे पान मांडले जाते आणि वाढप सुरू होते. महाराष्ट्रातील खानावळीच्या 'राइस प्लेट'शी या पद्धतीचे जवळचे नाते आहे. मोठ्या शहरांतील खाद्यमहोत्सवांत एका किमतीत ठरावीक पदार्थ देण्याची प्रथा अलीकडची आहे. कावेरीच्या खोऱ्यातील या भातपिकाच्या प्रदेशात मात्र ती रोजच्या व्यवहाराचा भाग आहे.

पानाचा क्रम

पानाचे निमुळते टोक जेवणाऱ्याच्या डाव्या हाताला येते. वरच्या अर्ध्या भागात मीठ, लोणचे, कोरडी भाजी, डाळ घातलेली 'कूटु' ही भाजी आणि पापड वाढतात. खालचा भाग भातासाठी राखलेला असतो. प्रथम वरण आणि तूप, त्यानंतर सांबार किंवा चिंचेचे 'कुळंबु', मग रसम आणि शेवटी ताक किंवा दही, असे भाताचे टप्पे होतात. पूर्ण भोजनात भात आणि कालवणे हवी तितकी मिळतात. ज्याची भूक कमी किंवा खिशाला मर्यादा आहे, त्याच्यासाठी 'अळवु साप्पाडु', म्हणजे मोजके भोजन, कमी किमतीत असते. तांदूळ, डाळ आणि चिंच या एकाच साठ्यातून बहुतेक पदार्थ तयार होत असल्याने आणि सर्वांना एकच जेवण मिळत असल्याने दर आटोक्यात ठेवणे मालकाला शक्य होते.

मूल्यही न घेणारे भोजन

या शहरावर १६७५ च्या सुमारास शिवाजी महाराजांचे सावत्र बंधू व्यंकोजी यांनी सत्ता स्थापन केली. भोसले घराण्याची ही गादी १८५५ पर्यंत टिकली. या राजांनी, विशेषतः रामेश्वरच्या यात्रामार्गावर, अनेक अन्नछत्रे उभारली. त्यांतील बरीच राजस्त्रियांच्या नावाने ओळखली जातात. ओरत्तनाडू येथील मुक्तांबाळ छत्र हे त्यांपैकी प्रसिद्ध होय.

१७९९ च्या तहाने राज्याचा कारभार ईस्ट इंडिया कंपनीकडे गेला. त्यानंतर १८०१ मध्ये सरफोजी दुसरे यांनी इंग्रज रेसिडेंटला लिहिलेल्या पत्रात या छत्रांच्या कामाचे सविस्तर वर्णन केले आणि ती चालू राहावीत, असा आग्रह धरला. कोणत्याही जातीच्या वाटसरूला तेथे शिजवलेला भात मिळे. ज्याला तो चालत नसे, त्याला शिधा दिला जाई. मध्यरात्री घंटा वाजवून, कोणी उपाशी राहिले असल्यास त्याला बोलावले जाई. राज्य हातातून गेलेल्या राजाने जपू पाहिलेल्या गोष्टींत हे अन्नदान होते.

राजवाड्याचे पाकघर

याच सरफोजींच्या (कारकीर्द १७९८ ते १८३२) दरबारातील पाककृती 'शरभेंद्र पाकशास्त्र' या नावाने संकलित झाल्या असून तंजावूरच्या सरस्वती महाल ग्रंथालयाने त्या प्रकाशित केल्या आहेत. राजवाड्यात शाकाहारी, मांसाहारी आणि इंग्रजी पद्धतीच्या स्वयंपाकाची वेगवेगळी व्यवस्था असल्याचे त्यावरून दिसते. त्याआधी, सतराव्या शतकात, रघुनाथ नावाच्या पंडिताने 'भोजनकुतूहल' हा संस्कृत ग्रंथ रचला. त्याचाही तंजावूरच्या दरबाराशी संबंध होता.

सांबाराचा जन्म याच राजवाड्यात झाला, अशी कथा सर्वत्र सांगितली जाते. शहाजी राजांच्या पाकघरात आमसूल संपले, तेव्हा आमटीत चिंच घातली गेली आणि पाहुण्या संभाजी राजांवरून त्या पदार्थाला नाव मिळाले, असे ही कथा सांगते. मात्र तिला समकालीन कागदपत्रांचा आधार दाखवला गेलेला नाही. ती दंतकथा म्हणूनच वाचावी लागते. तमिळ पानावरील इतर काही पदार्थांतून मराठी खूण अधिक स्पष्टपणे जाणवते. 'पिटलै' या नावामागे पिठले, 'रसवांगी'मागे वांगे आणि 'पोळी'मागे पुरणपोळी सहज ओळखू येते.

महोत्सवाच्या ताटात

तरीही तंजावूरच्या साध्या उपाहारगृहात मराठी राजघराण्याचे किंवा तेथील मराठी भाषक कुटुंबांचे म्हणून ओळखले जाणारे पदार्थ क्वचितच मिळतात. उडदाचे पीठ दह्यात कालवून फोडणी दिलेली 'डांगर पचडी' आजही प्रामुख्याने घरांतच होते. महाराष्ट्रात उडदाच्या पिठाचे डांगर खाणाऱ्यांना तिची चव परकी वाटणार नाही. केशर घातलेले 'केसरी मास' हे राजघराण्याशी जोडले जाणारे मटण तर त्याहून दुर्मिळ आहे. अशा पदार्थांना घराबाहेरचे ताट मिळाले, ते चेन्नईसारख्या महानगरांतील हॉटेलांनी भरवलेल्या तंजावूर-मराठा खाद्यमहोत्सवांमुळे.

ठरलेल्या किमतीच्या अशा महोत्सवांचा आजचा साचा न्यूयॉर्कमधून आला. १९९२ मध्ये तेथील उपाहारगृहांनी एकत्र येऊन वर्षाच्या आकड्याशी जुळणाऱ्या १९ डॉलर ९२ सेंट या किमतीत दुपारचे जेवण दिले. भारतात 'रेस्टॉरंट वीक' २०१० मध्ये मुंबईत सुरू झाला. सुरुवातीचा पदार्थ, मुख्य जेवण आणि गोड यांसाठी प्रत्येकी दोन-तीन पर्याय आणि सर्वांना एकच दर, असे त्याचे स्वरूप असते. एरवी रिकामी राहणारी टेबले भरतात, सामान एकत्र घेता येते आणि किती ताटे लागतील याचा अंदाज बांधता येतो, हा हॉटेलांचा लाभ. अनोळखी पदार्थ मागवताना बिलाची धास्ती उरत नाही, हा ग्राहकाचा.

अपरिचित पाकपरंपरेला ही दुसरी बाब विशेष उपयोगी ठरते. नाव वाचून कोणी डांगर पचडी मागवेलच असे नाही. ताटात आपोआप आली तर ती चाखली जाते. परंतु मर्यादाही तेथेच आहे. ठरलेल्या दरात बसणारे, एकाच वेळी शेकडो लोकांसाठी करता येणारे पदार्थच निवडले जातात. वेळ आणि निगुती मागणारे पदार्थ मागे पडतात. महोत्सव काही दिवसांत संपतो आणि ते ताट पुन्हा मिळेनासे होते.

ग्राहकांनी काय पाहावे

ठरलेल्या किमतीत कर आणि पेये धरलेली आहेत का, हे टेबल राखून ठेवतानाच विचारून घेणे हिताचे. सेवाशुल्क बिलात आपोआप लावता येणार नाही, असे केंद्रीय ग्राहक संरक्षण प्राधिकरणाने जुलै २०२२ मध्ये स्पष्ट केले. ही मार्गदर्शक तत्त्वे दिल्ली उच्च न्यायालयाने मार्च २०२५ मध्ये ग्राह्य ठरवली.

तंजावूरला जाणारे मराठी पर्यटक बृहदीश्वर मंदिराच्या भिंतींवर कोरलेला भोसले वंशाचा मराठी इतिहास आवर्जून पाहतात. हा शिलालेख १८०३ चा असून देवनागरीत आहे. भोजनाच्या परंपरेला दगडाचा असा आधार नाही. तिच्या पाककृती ग्रंथालयात जतन झाल्या असल्या तरी त्यांतील प्रमाण आणि हातोटी तंजावूरच्या मराठी घरांतून पुढच्या पिढीकडे गेली, तरच महोत्सवाचे ताट वाढणारे आचारी पुढेही मिळतील.