किर्लोस्करवाडी : कारखाना, वसाहत आणि कामगारजीवन (१९१०–१९४८)

प्रस्तावना

महाराष्ट्राच्या औद्योगिक इतिहासाचे लेखन प्रामुख्याने भांडवल, उत्पादन आणि संप या तीन अंगांनी झालेले आहे. कारखान्याचा भोंगा झाल्यावर कामगार कोठे जात असे, कोणाच्या शेजारी राहत असे, त्याची मुले काय वाचत असत, या प्रश्नांना त्या मानाने कमी जागा मिळाली. वस्तुतः कारखान्याने माणसाला मजुरीखेरीज काय दिले याचा शोध याच प्रश्नांतून घ्यावा लागतो. प्रस्तुत लेखात औंध संस्थानातील किर्लोस्करवाडी या औद्योगिक वसाहतीचा स्थापनेपासून १९४८ पर्यंतचा कालखंड या दृष्टीने विचारात घेतला आहे.

वसाहतीची स्थापना

लक्ष्मण काशिनाथ किर्लोस्कर (१८६९–१९५६) यांचा जन्म बेळगाव जिल्ह्यातील गुर्लहोसूर येथे झाला. संगीत नाटकाचे प्रवर्तक अण्णासाहेब किर्लोस्कर हेही याच गावचे. लक्ष्मणराव मुंबईस जे. जे. कलाशाळेत चित्रकला शिकण्यास गेले. परंतु रंगांधत्वाचा दोष लक्षात आल्यावर त्यांना रंगकाम सोडून यांत्रिक आरेखनाकडे वळावे लागले. काही काळ व्हिक्टोरिया ज्युबिली तंत्रसंस्थेत अध्यापन केल्यानंतर बेळगाव येथे त्यांनी प्रथम सायकलींचा व्यापार आणि पुढे लोखंडी नांगरांचा कारखाना सुरू केला. लोखंडाने जमीन नासते असा समज शेतकरीवर्गात रूढ असल्याने आरंभी नांगरांना गिऱ्हाईक मिळेना. धंदा जरा मार्गी लागतो तोच शहरविस्तारासाठी नगरपालिकेला कारखान्याची जागा हवी झाली आणि लक्ष्मणरावांवर स्थलांतराची पाळी आली.

औंधचे अधिपती बाळासाहेब पंतप्रतिनिधी यांनी अशा वेळी आपल्या संस्थानात कुंडल गावाच्या परिसरातील सुमारे ३२ एकर माळ आणि आर्थिक साहाय्य देऊ केले. जागा निवडुंगाने व्यापलेली आणि सापांनी भरलेली होती. १९१० साली सुमारे २५ कामगार कुटुंबांसह येथे वस्ती झाली. वडील बंधू रामूअण्णा, अनंतराव फळणीकर, शंभूराव जांभेकर, मंगेशराव रेगे हे प्रारंभीचे सहकारी होते. एक गोष्ट येथे ध्यानात घ्यावी लागते. निवडुंग तोडणारे, घरे उभारणारे आणि भट्टीवर काम करणारे लोक एकच होते. तयार वसाहतीत कामगार राहावयास आले असे येथे घडले नाही. त्यामुळे या जागेविषयी आपलेपणाची जी भावना पुढे दिसते तिचे मूळ सोयीसुविधांत जेवढे आहे, त्याहून अधिक या पहिल्या श्रमांत शोधणे योग्य ठरेल.

कामगारांसाठी वसाहत ही कल्पना अर्थातच नवी नव्हती. इंग्लंडमध्ये साबण उत्पादक लिव्हर यांचे पोर्ट सनलाइट १८८८ मध्ये सुरू झाले होते. कॅडबरी कुटुंबाने बोर्नव्हिल उभारले होते. भारतात साकची, म्हणजे पुढचे जमशेदपूर, याच सुमारास आकार घेत होते. लक्ष्मणराव परदेशी औद्योगिक नियतकालिकांचे नित्य वाचक होते. तथापि टाटांचे भांडवल आणि किर्लोस्करांचे भांडवल यांत जमीनअस्मानाचे अंतर होते. किर्लोस्करवाडीची तुलना जमशेदपूरशी करण्याची प्रथा आहे. ती कालानुक्रमापुरतीच ठीक म्हणता येईल.

विश्वासाचा व्यवहार

या वसाहतीच्या सामाजिक जीवनातील दोन बाबी विशेष नोंदवण्याजोग्या आहेत. पहिली, वसाहतीत अस्पृश्यता पाळावयाची नाही असा लक्ष्मणरावांचा दंडक होता. दुसरी बाब रात्रीच्या पहाऱ्याची. शिक्षा भोगून आलेल्या रामोशी व मांग समाजांतील माणसांना लक्ष्मणरावांनी या कामावर नेमले.

या नेमणुकीचे महत्त्व समजण्यासाठी तत्कालीन कायदा पाहिला पाहिजे. १८७१ चा गुन्हेगार जमाती कायदा १९११ मध्ये अधिक व्यापक करण्यात आला. त्याने अनेक जमातींना जन्माने गुन्हेगार ठरविले. त्याच दशकात सोलापुरात या कायद्याखालची वसाहत होती. तेथील स्त्री-पुरुष गिरण्यांत कामास जात आणि काम संपले की हजेरी देऊन तारेच्या कुंपणात परतत. ‘सेटलमेंट’ हे नाव सोलापूरच्या त्या भागास पुढेही चिकटून राहिले. म्हणजे एकाच प्रदेशात, एकाच काळात, कारखाना आणि वसाहत यांची जोड दोन अगदी विरुद्ध प्रकारे बसविली गेली होती. सोलापुरात सरकारने ज्यांच्यावर पहारा बसविला, त्यांच्याच सारख्या माणसांच्या हाती किर्लोस्करवाडीत पहारा सोपविला गेला. पगार कोठे अधिक होता या प्रश्नापेक्षा हा फरक त्या कामगाराच्या आयुष्यात किती मोठा असेल, याची कल्पना करणे अवघड नाही. विमुक्तीसाठी कायद्याला १९५२ साल उजाडावे लागले.

माळावरचा छापखाना

किर्लोस्करवाडीचे दुसरे वैशिष्ट्य म्हणजे तेथील मुद्रित जग. लक्ष्मणरावांचे पुतणे शंकरराव किर्लोस्कर हे चित्रकलेचे शिक्षण घेतलेले गृहस्थ. कारखान्याच्या जाहिरातीचे काम पाहता पाहता त्यांनी १९२० साली ‘किर्लोस्कर खबर’ हे पत्र सुरू केले. कारखान्याच्या मालाची माहिती गिऱ्हाइकांपर्यंत पोचविणे हा मूळ हेतू. पण पत्राने लवकरच नांगर व चरक यांच्या पलीकडे पाऊल टाकले. ‘खबर’ हा शब्द गळून ‘किर्लोस्कर’ हे मासिक झाले, १९३० मध्ये ‘स्त्री’ आणि १९३४ मध्ये ‘मनोहर’ निघाले. स्वातंत्र्यवीर सावरकरांचे विज्ञाननिष्ठ निबंध याच ‘किर्लोस्कर’मधून महाराष्ट्रभर वाचले गेले. ‘गोट्या’कार ना. धों. ताम्हनकर या संस्थेच्या संपादन परिवारात होते.

मराठी वाङ्मयाच्या इतिहासात या तीन मासिकांची नोंद सर्वत्र आढळते. ती पुण्या-मुंबईत न निघता एका ओतकाम कारखान्याच्या आवारातून निघत होती, या गोष्टीचा कामगारजीवनाच्या अंगाने मात्र फारसा विचार झालेला दिसत नाही. साचेकाम करणारा आणि खिळे जुळविणारा हे एकाच वसाहतीचे रहिवासी होते. स्त्रियांचे शिक्षण, विवाह, घरकाम यांवर ‘स्त्री’मध्ये जी चर्चा चाले, ती छापणारी माणसे ज्या गल्लीत राहत त्याच गल्लीत कामगारांच्या बायका पाणी भरीत होत्या. या सान्निध्याचा परिणाम मोजता येणार नाही. परंतु तो नव्हताच असे म्हणणे हे इतिहासाच्या अभ्यासकाला शोभणारे नाही.

गिरणगावाशी तुलना

मुंबईच्या गिरणगावाचा अनुभव याहून वेगळा आहे. १८५४ साली कावसजी दावर यांनी कापड गिरणीची मुहूर्तमेढ रोवल्यानंतर परळ, लालबाग, वरळी या भागांत कोकणातून व घाटावरून आलेल्या कामगारांची वस्ती वाढत गेली. गिरणीमालकांनी सोयी उभारल्या त्या फारच तुटपुंज्या. तरीही गिरणगावात समृद्ध समूहजीवन निर्माण झाले, आणि ते बहुतांशी कामगारांनी स्वतः घडविले. एका गावच्या माणसांनी मिळून घेतलेले गाळे, बायकांनी चालविलेल्या खाणावळी, भजनी मंडळे, व्यायामशाळा, गणेशोत्सव ही त्याची अंगे होत. ना. म. जोशी यांच्या सोशल सर्व्हिस लीगने (१९११) उभारलेल्या परळच्या दामोदर नाट्यगृहाने कामगार रंगभूमीला हक्काचे व्यासपीठ दिले. खाणावळ चालविणाऱ्या स्त्रियांची संघटना मात्र १९७५ मध्ये, प्रेमा पुरव यांच्या अन्नपूर्णा महिला मंडळाच्या रूपाने झाली.

गिरणगावात दहा बाय दहाच्या खोलीतील दाटी, रोगराई आणि कर्जबाजारीपणा होता. किर्लोस्करवाडीत मोकळी हवा होती. पण गिरणगावातील मंडळ हे कामगाराचे स्वतःचे होते. गिरणीमालक ते बंद करू शकत नव्हता. १९८२ चा संप दीर्घकाळ टिकू शकला, यामागे या समूहजीवनाचा आधार होता.

मर्यादा

घर, शाळा आणि नोकरी एकाच हातात असण्याचे धोके औद्योगिक वसाहतींच्या इतिहासाला परिचित आहेत. अमेरिकेतील पुलमन या आदर्श म्हणविल्या जाणाऱ्या वसाहतीत मंदीच्या काळात मजुरी कमी झाली, घरभाडे मात्र तेच राहिले आणि १८९४ चा प्रसिद्ध संप उद्भवला. किर्लोस्करवाडीत तसे घडले नाही. याचे श्रेय लक्ष्मणरावांच्या स्वभावाला द्यावे लागेल. पण स्वभाव म्हणजे हक्क नव्हे, हेही तितकेच खरे. २१ जानेवारी १९३९ रोजी औंध संस्थानात नवी राज्यघटना अमलात येऊन ग्रामपंचायत हा कारभाराचा पाया ठरला. त्याच संस्थानातील या वसाहतीत घर देणारा आणि काम देणारा एकच होता.

दुसरी मर्यादा कुंपणाबाहेरची. शेजारचे कुंडल हे १९४२ नंतरच्या प्रतिसरकारचे प्रमुख केंद्र. तुफान सेनेचे जी. डी. बापू लाड हे कुंडलचेच. सावकारशाही आणि गावगुंडी यांविरुद्ध उभी राहिलेली ही चळवळ बहुजन शेतकऱ्यांची होती. कारखान्याच्या व्यवस्थापनातील ठळक नावे मात्र बहुतांशी ब्राह्मण समाजातील होती. वाडीच्या आत जातिभेद सौम्य झाला, तरी वाडी आणि परिसर यांच्यातील अंतर त्यामुळे मिटले असे मानता येत नाही.

३० जानेवारी १९४८ रोजी गांधीजींची हत्या झाली. त्यानंतर सातारा, सांगली, कोल्हापूर या भागांत ब्राह्मणांच्या घरांवर व मालमत्तेवर जमावांनी हल्ले केले. किर्लोस्करवाडीचा कारखानाही जाळला गेला. अडतीस वर्षे ज्या परिसराला या कारखान्याने नांगर, पंप आणि रोजगार दिला, त्याच परिसरात हे घडले. काही लेखकांनी यास निव्वळ कृतघ्नता म्हटले आहे. हे विधान अपुरे वाटते. जमावाने केलेली जाळपोळ कोणत्याही कसोटीवर समर्थनीय ठरत नाही, आणि जळालेल्या यंत्रांवर ज्यांची चूल पेटत होती ते कामगार बहुजनच होते. परंतु कारखान्याने आपल्या माणसांभोवती जो समाज निर्माण केला, तो शेजारच्या गावांना आपला वाटावा अशी वाट तयार झाली नव्हती, हेही नाकारता येत नाही. काही आठवड्यांतच, मार्च १९४८ मध्ये, औंध संस्थान विलीन झाले आणि ज्या राजाश्रयाने वाडी वसली तोही इतिहासजमा झाला.

कारखाना पुन्हा उभा राहिला. उद्योगसमूहाचा विस्तार मात्र हरिहर (१९४१) आणि पुणे (१९४६) येथे आधीच सुरू झाला होता. मासिकांचे बिऱ्हाडही पुढे पुण्यास हलले. पंपांचे उत्पादन वाडीत चालू राहिले. पुणे-मिरज लोहमार्गावरील स्थानकाचे मूळ नाव कुंडल रोड. कारखान्यामुळे ते किर्लोस्करवाडी झाले, आणि कुंडलला जाणारा प्रवासीही याच नावाच्या फलाटावर उतरतो.